अपरिहार्य कारणास्तव

आत्याने बत्तीस वर्षं कचेरीत पत्रांचे मसुदे लिहिले होते. आपल्या मसुद्यावर एकाही साहेबाने कधी लाल रेघ मारली नाही, हे ती भेटेल त्याला ऐकवी. म्हणूनच कॉलेजच्या अर्जातला तो एक चौकोन भाचीने तिच्याकडे सोपवला आणि स्वतःच्या डोक्याला ताप करून घेतला.

गेल्या वर्षी गुण का घसरले, ते थोडक्यात लिहायचं होतं. आदल्या वर्षी ब्याण्णव टक्के, गेल्या वर्षी अठ्ठावन्न. कारण पटलं नाही तर फिजिओथेरपीचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळणार. पाचला मुदत संपत होती, आणि साडेचार वाजून गेले होते.

आत्याने चष्मा सारखा करून वाचलं, "अपरिहार्य घरगुती कारणास्तव अपेक्षित गुण प्राप्त होऊ शकले नाहीत. कसं वाटतंय?"

"आत्या, यातून त्यांना कळलं काय?"

"कळायला कशाला हवं? नियमात बसतंय ना!"

"अगं, नळाला पाणी आलं नाही तरी लोक हेच लिहितील!"

आत्या भडकली. "मला शिकवू नकोस. आमच्या शिपायाचं घर जळलं, तेव्हा त्याच्या रजेचा अर्ज मी अस्साच लिहिला होता. एका फटक्यात मंजूर!"

"किती दिवसांची रजा?"

"चार."

"घर जळलं आणि चार दिवस?"

आत्याला आठवलं. तो शिपाई पाचव्या दिवशी उसना सदरा घालून कामावर आला होता. साहेबाला काय जळलंय ते कळलंच नव्हतं. कसं कळणार? तिनेच कळू दिलं नव्हतं. इतक्या वर्षांत हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आता या कार्टीमुळे आलं, याचाही तिला राग आला.

"म्हणून काय तुझ्या बापाचं अंथरूण चव्हाट्यावर मांडू?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"ताई, मी पाठीतून गेलोय, कानांतून नाही," आतल्या खोलीतून आत्याचा भाऊ ओरडला. "आणि अपरिहार्य कोण गं? मी?"

दोघी आत गेल्या. तो उशांना टेकून बसला होता.

"लिही," तो म्हणाला. "बाप बांधकामावरून पडला. कमरेखाली हलत नव्हता. आई कारखान्यात पाळीवर. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मुलगी दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची. सात महिने. परीक्षेच्या दिवशीसुद्धा."

"अरे, पण तुझं हे असं सगळं..." आत्याने त्याच्या पायांवरचं पांघरूण ओढून नीट केलं.

"माझं आहे ना? मग मी सांगतोय. एकही जखम झाली नाही, तेही घाल गं पोरी. त्यांच्याच धंद्यातली गोष्ट आहे, त्यांना बरोबर समजेल."

भाची भराभर टाइप करत होती. मान खाली होती, पण नाक ओढल्याचा आवाज येत होता. पाचला सहा मिनिटं होती.

आत्या तिच्या खांद्यावरून वाचत राहिली. एकही शब्द खोडावासा वाटला नाही.

"निदान शेवटी 'कळावे' तरी लिही," ती म्हणाली.

"आत्या!" बापलेक एकदम ओरडले, आणि भाचीने बटण दाबलं.