तेरा बाय चारचा पंखा

काळा-पांढरा दोरा, गाठ मारलेला.

मोटरला बोट लावायचं. बोट टिकलं तर ठीक. चटका बसला तर पंखा त्या मोटरला झेपत नाही, मोठा झाला.

वाळवलेल्या दह्याचे गोळे, कुर्त, दगडासारखे.

आसी पठारावर भात कितीही उकळा, कच्चाच राहतो.

हे सगळं एकाच सकाळचं आहे. माझा मुलगा सांजार चालायच्या बेतात आला म्हणून त्याच्या पायांना बांधलेला दोरा कापायचा समारंभ होता. दोरा कापला की खाऊची उधळण, शाशू. एरवी ती हातानं करतात. मी मात्र सासूबाईंना सगळ्यांसमोर सांगून बसले होते, "अपा, आपली शाशू आभाळातून पडेल."

"पडू दे. विमान डोक्यावर पडलं नाही म्हणजे झालं."

विमान मीच बांधलं होतं, रिमोटवर उडणारं छोटं, बॅटरीवरचं, नाकाला पंखा आणि पोटाला दार असलेलं. खाली अल्माटीत, क्लबच्या मैदानावर, अकरा बाय साडेपाचचा पंखा लावून ते खाऊच्या गोळ्यांची पिशवी घेऊन झकास उडालं होतं. क्लबात शिकवणारे तेमिरतास आगा हे आकडे असे समजावतात: "दोन्ही इंचांत. पहिला पंख्याची लांबी, म्हणजे घोड्याची छाती. दुसरा म्हणजे घोड्याची टांग, एका फेऱ्यात किती पुढे जाईल ते. ओझं ओढायचं असेल तर छाती रुंद हवी, टांग आखूड."

पठारावर पिशवी भरायला घेतली आणि प्रत्येक आत्या, मावशी आपली मूठ घेऊन आली. शाशूत कुणाची मूठ नाकारायची नसते. कुर्त आले, तळलेले बाउरसाक आले, कुणी नाणी टाकली. मी हसत हसत घेत राहिले.

विमान गवतातून पळालं. पळालं. आणखी पळालं, आणि एका घोडीपाशी जाऊन थांबलं. तिनं ते हुंगलं.

"केलिन," अपा म्हणाल्या, आमच्यात सुनेला हीच हाक, "हे चरायला आणलंयस का?"

सगळं पठार हसलं. मी विमान काखेत मारून, समारंभाला आलेल्या आगांकडे गेले.

"थोड्या मुठी काढू का?"

"काढ ना. कुणाची काढतेस ते सांग, मी तिला जाऊन कळवतो."

"आगा!"

"मग तेरा बाय चार लाव."

"घरी लावून बघितला होता. मोटरला बोट लावता येईना. जळेल ती."

"घरी. इथं भात का शिजला नाही?"

"हवा विरळ आहे म्हणून."

"मग विरळ हवा कापायला मोटरला कष्ट कमी. तोच पंखा इथं हलका जातो. बोट लावून बघ की, घाबरतेस काय?"

लावला. पूर्ण वेगात फिरवला, थांबवला, बोट लावलं. केसेतल्या, म्हणजे वाटीतल्या चहाइतकी गरम. बोट टिकलं.

पण आता पंख्याची टोकं गवताला लागत होती. गवत कापत विमान उडत नाही. दोरा बांधलेला सांजार बापाच्या कडेवर ओरडत होता. आत्या आणि मावश्या माझ्याकडे बघत होत्या.

अपा उठल्या. आपल्या तंबूतून त्यांनी सिरमक ओढत आणला. हा त्यांचा नमद्याचा गालिचा, ज्यावर पाहुण्यांनाही बूट घालून पाय ठेवू देत नाहीत. तो त्यांनी गवतावर अंथरला.

"बघताय काय? तुमचेही आणा!"

एकाला एक जोडून सिरमकांची धावपट्टी झाली.

"चाकं पुसलीस का गं?"

"पुसली, अपा."

"पुन्हा पूस."

विमान लाल नक्षीवरून निघालं.

काळ्या नक्षीवर शेपूट उचललं.

शेवटच्या सिरमकाचा काठ

आणि खाली काहीच नाही.

अपांनी दोरा कापला. मी बटण दाबलं, पोटाचं दार उघडलं आणि आभाळातून गोळ्या, नाणी, बाउरसाक आणि कुर्त कोसळले. कुर्त टोप्यांवर टणाटण वाजले.

"माझा कुर्त बघ किती लांब गेला!" एक आत्या ओरडली.

"तो माझा! तुझा घोडीनं खाल्ला!"

अपा दोन्ही हात डोक्यावर धरून हसत होत्या. "केलिन, दगडफेक करणार होतीस तर आधी सांगायचंस! जाड टोपी घातली असती!"

सांजार मात्र मधल्या सिरमकावर फतकल मारून बसला आणि गोळी चोखत राहिला. कुणीही हाका मारल्या तरी एक पाऊल टाकेना.

तो पहिल्यांदा चालला ते अल्माटीच्या घरी, खुर्चीवर ठेवलेला तेरा बाय चारचा पंखा पकडायला.