दुखणं पिणारा दगड

शनिवारी पुरतं उजाडायच्या आतच तळ्याकाठी ताउनोच्या सौनासमोर, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीसमोर, गाड्यांची रीघ लागायची. मार्च उजाडला तरी तळं गोठलेलंच होतं. गाडीतून उतरणारी माणसं आधी दाराला धरून उभी राहायची आणि मग खांदे आवळून, पाय ओढत अंगणात यायची. काहींना कोटाच्या बाहीत हातसुद्धा घालता येत नसे, ते कोट नुसता पांघरून येत. हीच माणसं दुपारी परत जाताना हात उंचावून एकमेकांचा निरोप घ्यायची. याला चमत्कार म्हणायचं नाही तर काय, असं सगळा तालुका विचारत होता.

हिल्का तसं म्हणायला तयार नव्हती. गावच्या शाळेत तिची हयात विज्ञान शिकवण्यात गेलेली. अंगणातल्या निम्म्या लोकांचे तिने लहानपणी कान धरले होते. पण आज तिचं सगळं विज्ञान कुचकामी ठरत होतं, कारण शेजारी उभ्या असलेल्या तिच्या थोरल्या बहिणीच्या, सेन्याच्या, खिशात औषधांचं पुडकं होतं आणि सेन्या ते जाळायला आली होती.

सेन्याला सांधेदाह होता. शरीराचं रक्षण करणारी फौज घरच्यांवरच उलटावी, तसा हा आजार सांध्यांवर उलटतो. शहरातल्या डॉक्टरणीने आठवड्याची गोळी आणि इंजेक्शन सुरू केल्यापासून सूज आटोक्यात होती. पण उजवा खांदा सकाळी लाकडासारखा व्हायचा, आणि सकाळ रोज उगवते. त्या दुखण्याने सेन्या पार कंटाळली होती.

"सेन्या, अजून विचार कर," हिल्का हळूच म्हणाली.

"विचार तू कर. खांदा माझा दुखतोय," सेन्या म्हणाली. "ती डॉक्टरीण नुसती म्हणते, आटोक्यात आहे. मला आटोक्यात नकोय गं, मला हात वर न्यायचाय."

तेवढ्यात ताउनो बाहेर आला. अंगात जाड लोकरीचा सदरा, दाढी छातीपर्यंत, मुठीत काळा गुळगुळीत दगड. पूर्वी हा माणूस बर्फावरून चालवायच्या स्कूटर विकायचा आणि त्याची जीभ अजून दुकानातच होती.

"हा दगड तळ्याच्या तळातून स्वतः माझ्याकडे आला!" त्याने सुरू केलं. "हा दुखणं पितो. घटाघटा पितो! पण पोटात कारखान्याचं विष असेल, तर दगडाची तहान मरते. म्हणून आधी विष आगीत, मग वाफ, मग दगड. हा क्रम मोडला की दगड आंधळा. विचारा आमच्या कौकोला!"

कौको दाराशीच उभा होता. गावातला सुतार, हिल्काचा जुना विद्यार्थी. गेल्या हिवाळ्यात त्याने आपली औषधं या सौनाच्या भट्टीत टाकली होती आणि तेव्हापासून तो ताउनोचा चालताबोलता दाखला झाला होता. "बाई, दर शनिवारी हात वर जातो. अगदी वर," तो म्हणाला. कॉफीचा मग मात्र त्याने दोन्ही हातांच्या तळव्यांत धरला होता, कारण बोटं मगाच्या दांडीभोवती वळत नव्हती.

सेन्याची पाळी आली. ताउनोने तिला सौनाच्या लाकडी भिंतीशी उभं केलं. "ने हात वर, जमेल तेवढा." सेन्याने ओठ दाबून हात उचलला. तो खांद्याच्या खालीच थांबला. ताउनोने तिथे खडूने रेघ मारली. "दुपारी बघू हं ही रेघ कुठे राहते!" लोक हसले. मग त्याने भिंतीला अंगणाच्या बाजूने असलेलं भट्टीचं झाकण उघडलं आणि सेन्या पुडकं काढून पुढे झाली.

तिच्या टोपीखालून वेणी पाठीवर आली होती. ती वेणी आज सकाळी हिल्काने घातली होती. रोज सकाळी तीच घालायची, कारण सेन्याचा हात डोक्याशी पोचत नसे. आणि रात्री झोपताना ती सोडायचं कोण? हिल्का जागच्या जागी थबकली. रात्री सेन्या स्वतःच वेणी सोडायची, स्वतःच केस विंचरायची, आणि तेव्हा तिथे कुठलाही दगड नसायचा.

हिल्का धावली आणि भट्टीच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. धग पाठीला चटके देत होती.

"बाजूला हो, हिल्का!" सेन्याचा आवाज चिरकला. "लोकांसमोर तमाशा करू नकोस."

"नंतर जाळ. मी स्वतः झाकण उघडून धरीन. आधी ताउनोने एवढंच करावं, आत्ता, या थंडीत, वाफेआधी तिच्या खांद्याला दगड लावावा."

"अहो बाई, दगडाला अंग गरम लागतं," ताउनो गोड हसला.

"बरं. मग वाफ घेऊ दे आणि दगड लावूच नकोस. तुझा दगड खरा असेल, तर तिचा हात त्या रेघेच्या वर जाता कामा नये. घाबरतोस कशाला?"

अंगणात कुजबुज सुरू झाली. "बाई शाळेतही अशीच उलटतपासणी घ्यायच्या," कोणीतरी पुटपुटलं. ताउनोचं हसू आटलं. "ही बाई वाफ नासवेल! संशयी माणसापुढे काम चालत नाही. सेन्या, तू ठरव. तिचं ऐकशील तर पुन्हा या दारात येऊ नकोस."

सेन्या भट्टीकडे बघत होती. हिल्काला वाटलं, आपण हरलो. रागारागाने ती आपल्याला ढकलणार, पुडकं आत जाणार, आणि पुढल्या हिवाळ्यात हिलाही कॉफीचा मग तळव्यांत धरावा लागणार. त्या विचाराने तिचे डोळे भरून आले, आणि ते तिने लपवले नाहीत.

"आजवर भर चारचौघांत रडली नाहीस तू," सेन्या गोंधळून म्हणाली. मग तिने पुडकं बहिणीच्या हातात कोंबलं. "धर. मला बघायचंय."

सेन्या आत गेली. तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज पुन्हा पुन्हा येत राहिला. ताउनोने आपला काळा दगड अंगणातल्या हौदाच्या कडेवर ठेवला होता आणि हिल्का त्याच्यावरून नजर हटवत नव्हती. कौको मात्र भिंतीवरच्या रेघेकडे बघत होता.

बऱ्याच वेळाने सेन्या टॉवेल गुंडाळून, लालबुंद होऊन बाहेर आली. ती भिंतीशी उभी राहिली आणि तिने हात उचलला. तो रेघेपाशी पोचला, रेघ ओलांडून कानापर्यंत गेला, मग कानाच्याही वर.

"दगड अंगणात आहे ना!" ताउनो घाईघाईने ओरडला. "त्याचा प्रभाव इथवर पोचतो!"

"पोटात विष असेल तर दगडाची तहान मरते, असं तूच म्हणालास," हिल्का म्हणाली. "हिची औषधं माझ्या हातात आहेत. परवाचं इंजेक्शन हिच्या अंगात आहे. मग आज दुखणं कोण प्यायलं?"

ताउनोने हौदावरचा दगड उचलून मुठीत घेतला.

हिल्का लोकांकडे वळली. "या आजारात सकाळी सांधे आखडतात आणि दिवस चढेल तसे सुटतात. ऊब मिळाली, हालचाल झाली, की लवकर सुटतात. हा सकाळी रेघ मारतो, गरम वाफेत बसवतो आणि दुपारी हात मोजतो. झाला चमत्कार! आपण जन्मभर शनिवारी संध्याकाळीच वाफ घेत आलो, तोवर हात आपला आपणच सुटलेला असतो. म्हणून सकाळची वाफ काय करते हे आपल्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. वाफ आपल्या घरातली, म्हणून तिला कवडीची किंमत. दगड परका, म्हणून त्याला देवत्व!"

"मग बाई, औषध कशाला?" मागून कोणीतरी विचारलं. "वाफ पुरेल की."

"वाफ सांधा मोकळा करते, तो खाल्ला जायचा थांबवत नाही. ते काम औषध करतं, आणि गुपचूप करतं. हात वर नेऊन दाखवत नाही, म्हणून आपल्याला वाटतं काहीच करत नाही."

कौकोने कॉफीचा मग खाली ठेवला आणि आपली बोटं सगळ्यांना दिसतील अशी समोर धरली. दोन बोटं आतल्या बाजूला वळली होती. "ताउनो, दर शनिवारी माझा खांदा उचलून दाखवलास," तो म्हणाला. "या बोटांकडे कधी पाहिलंस का रे?"

ताउनो त्याच्या नजरेला नजर देऊ शकला नाही. तो सौनात शिरला आणि त्याने दार लावून घेतलं.

"बाई, ही सरळ होतील का?" कौकोने विचारलं.

हिल्काला खोटं बोलायचा मोह झाला. "वाकलेली बहुतेक तशीच राहतील, कौको. पण राहिलेली वाचवता येतील. सोमवारी आमच्या गाडीतून डॉक्टरकडे चल."

त्याने होकारार्थी मान हलवली. तो रडत नव्हता, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता.

वाचकहो, असा ताउनो कुठेही भेटतो. कधी त्याच्या मुठीत दगड असतो, कधी तांब्या, कधी नुसती राख. त्याच्याशी वाद घालत बसू नका. एवढंच म्हणा, तुझी ती वस्तू बाजूला ठेव आणि तेच पुन्हा करून दाखव. डॉक्टरलाही प्रश्न विचारा, हवे तितके विचारा. पण उत्तर मिळेपर्यंत औषध आगीत टाकू नका. कौकोने दगड बाजूला ठेवायला एक हिवाळा आधी सांगितलं असतं, तर आज त्याला रंधा धरता आला असता.