मधला भाग

कचेरीतल्या बैठकीच्या खोलीत एकच खुर्ची मोकळी होती आणि तिच्यावर ताईने आपली पिशवी ठेवली होती. धाकटा भाऊ येऊन उभा राहिला, तरी तिने ती उचलली नाही. शेवटी त्यानेच ती खाली ठेवली आणि लॅपटॉप उघडला.

“सावकाश,” ताई म्हणाली. “आज सगळंच काही फेकायचं नाहीये.”

कोणी हसले नाही. समोरच्या पडद्यावर कंपायलरचे सगळे भाग ओळीने मांडलेले होते. माणसे निरनिराळ्या भाषांत प्रोग्राम लिहीत. प्रत्येक भाषा वाचायला इथे एक स्वतंत्र भाग होता. वाचलेले सगळे मग एकाच साच्यात उतरून मधल्या, सामाईक भागात येई आणि तिथून यंत्राच्या आज्ञा होऊन बाहेर पडे. तिथवर पोचल्यावर कोण कुठल्या भाषेतून आले, हे कोणी विचारत नसे. नियम एकच होता: वाचणाऱ्या भागांनी एकमेकांच्या घरात हात घालायचा नाही. लागेल ते मधल्या भागातून घ्यायचे.

सर्वांत जुनी भाषा ताई सांभाळत असे, सर्वांत नवी तो. जुनीचा भाग काढून टाकावा, हा प्रस्ताव त्याचा. तो भाग गेला की ताईला या कचेरीत काम उरणार नव्हते. प्रस्ताव आल्यापासून घरातही दोघांचे बोलणे आईमार्फतच चाले.

“धरणांची गणितं अजून या भाषेत होतात,” ताई प्रमुखांना म्हणाली.

“त्यांनी जुनी आवृत्ती वापरावी,” तो पडद्याकडे बघत म्हणाला. “एका माणसाच्या हट्टापायी सगळ्यांनी किती ओझं वाहायचं?”

“ओझं! याला इथं चिकटवलं कुणी, विचारा की. सुरुवातीला याचं अक्षर न् अक्षर मी तपासत होते. तेव्हा नव्हतं ओझं.”

“घरचं घरी ठेवा,” प्रमुख म्हणाले. “निर्णय झालाय. काढ रे.”

त्याचे बोट कळीवर थांबले.

सकाळी दात घासताना त्याला ते आठवले होते. नवखा असताना दशांश आकडे वाचण्याचे किचकट काम लिहायचा त्याने कंटाळा केला होता. नियम मोडून, ताईच्या भागातले तयार कामच आपल्या भागातून गुपचूप हाक मारून वापरले होते. नंतर नीट करू म्हणून ठेवले, ते राहूनच गेले. आता ताईचा भाग गेला की सगळ्यांदेखत त्याचाच कोसळणार होता. थांबा, एवढेच म्हणायचे होते. पण ताई त्याच्याकडेच बघत होती.

त्याने कळ दाबली.

जुनी भाषा नाहीशी झाली. उरलेल्या भागांची नव्याने बांधणी सुरू झाली. पडद्यावर ओळी सरकू लागल्या आणि एकेक भाग धड निघून हिरवा होत गेला. त्याचा सर्वांत शेवटी. टेबलाखाली त्याने स्वतःचा अंगठा मुठीत आवळून धरला.

हिरवा.

“झालं! उगाच इतके दिवस भांडलात,” प्रमुख म्हणाले, आणि माणसे चहाला उठली.

तो बसून राहिला. दशांशाचे काम त्याने शोधून काढले. ते मधल्या भागात होते, सर्वांसाठी सामाईक. नाव तेच ठेवलेले, म्हणून त्याच्या हाकेला ते नव्या जागेवरून ओ देत होते. परवापर्यंत ते तिथे नव्हते.

ताई पिशवीत कप आणि चार्जर कोंबत होती.

“ताई, तू...”

“तुझ्यासाठी नाही केलं. तुझी भाषा वापरणाऱ्यांनी माझं काय घोडं मारलंय?” तिने चेन ओढली. “आणि पुन्हा कुणाच्या घरातलं उचलशील, तर विचारून उचल.”

“ऐक तरी.”

“बोलायचं असेल ते आईकडे सांग.”

दार तिने आपटले नाही. ते आपल्या वेगाने, सावकाश मिटले.

बऱ्याच वेळाने त्याने फोन लावला. पलीकडे नळ वाहत होता. आईने तो बंद केला.

“बोल,” ती सवयीने म्हणाली. “काय सांगू तिला?”

त्याने फोन कानाशी आणखी दाबून धरला. पडद्यावरची शेवटची ओळ अजून हिरवी होती.

“जरा मोठ्याने बोल रे,” आई म्हणाली. “काहीच ऐकू येत नाहीये.”