टोमॅटोच्या सरीतली एकचाकी

थांबा, मला अशी ओलांडून जाऊ नका. एक चाक, दोन दांडे आणि तीन ठिकाणी पोचे आलेलं पत्र्याचं पोट, एवढाच माझा पसारा. मी एकचाकी हातगाडी. भाजीच्या शेतात राबते आणि सवड मिळाली की बोलते.

माझा जन्म वेल्डरच्या दुकानात झाला. ठिणग्या उडाल्या, दांडे जोडले गेले, हिरवा रंग चढला आणि दुसऱ्याच दिवशी मी एका बांधकामावर रुजू झाले. सात वर्षं वाळू, खडी, सिमेंट वाहिलं. इमारत पूर्ण झाली की लोक तिच्यासमोर उभं राहून फोटो काढत. मला मात्र आधीच मागे लपवलेलं असे! एक दिवस गवंडीदादांनी मला घासूनपुसून धुतलं. वाटलं, लाड करताहेत. मग कळलं, विकायला काढलंय.

मला घेतलं ताईने. सासूबाई सोडल्या तर तिला सगळेच ताई म्हणतात. पहिल्याच दिवशी तिने माझ्या पोटात कोबीचे वीस गड्डे ठेवले. सिमेंटची सवय असलेल्या मला ते इतके हलके वाटले की मी उतारावर जवळजवळ पळालेच.

हे शेत जरा वेगळं आहे. शहरातली साठ घरं त्याची सभासद आहेत. हंगाम सुरू होताना ती नावं नोंदवतात आणि मग दर शनिवारी शेतात जे निघेल त्याचे साठ वाटे होतात. नियम एकच, फॉर्मवर ठळक छापलेला: पिकलं तर सगळ्यांचं, बिघडलं तरी सगळ्यांचं.

शनिवार आला की मी फाटकापाशी उभी राहून माणसं बघते. कोणी जुडी हातात घेतली की आधी वास घेतं. दातांच्या डॉक्टरीणबाई रांगेतच कच्च्या शेंगा खायला लागतात. आणि आमचे शिंपीकाका! त्यांना एकही भाजी पसंत पडायची नाही. एकदा त्यांनी वाकडी काकडी सगळ्यांसमोर वर धरली. "ताई, ही काकडी आहे की प्रश्नचिन्ह?"

"काका, शिवायला नाही दिली, खायला दिलीय," ताई म्हणाली. रांग हसली. काका ती काकडी घेऊनच गेले.

ऐन उन्हाळ्यात टोमॅटो पिकले. थोडेथोडके नाहीत, बारा सऱ्या एकदम. आणि नेमका गुरुवारी ताईचा पाय पाण्याच्या नळीत अडकून मुरगळला. पाय भोपळ्यासारखा सुजला. दोन आठवडे पाय जमिनीवर टेकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यात बातम्यांत सांगितलं, शनिवारी दुपारी उन्हाचा कहर होणार. तोपर्यंत तोडणी झाली नाही तर टोमॅटो झाडावरच शिजणार.

"मी लंगडत लंगडत तोडेन," ताई म्हणाली.

"बारा सऱ्या? एका पायावर?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, बोलाव की सभासदांना."

"नको, आई. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवलाय. आता त्यांनाच राबायला कसं बोलावू? त्यापेक्षा या आठवड्यात भाजी नाही म्हणून कळवते."

सासूबाईंना फोनमधलं काही कळत नाही, असा ताईचा समज होता. शुक्रवारी दुपारी त्या माझ्या शेजारी सावलीत स्टूल टाकून बसल्या आणि त्यांनी यादी काढून एकेक नंबर लावला. "मी ताईची सासू. उद्या सकाळी सहाला या. टोपी आणा. आणि तिला सांगू नका हं."

शनिवारी सहाला फाटकाशी गर्दी! कोणी सायकलवर, कोणी कडेवर बाळ घेऊन. शिंपीकाका कडक इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात टेप तशीच. ताई काठी टेकत दारात आली आणि तिचा चेहराच पडला.

"माफ करा," ती म्हणाली. "तुम्हाला असं यावं लागलं..."

"माफी कसली?" बस चालवणाऱ्या बाई तिला पुढे बोलूच देईनात. "फॉर्मवर तुम्हीच छापलंय ना, बिघडलं तरी सगळ्यांचं? मग बिघडायच्या आधी हात लावला तर चालत नाही का?"

ताईने पदराने डोळे पुसले आणि खडसावल्यासारखं म्हणाली, "पण कुठला तोडायचा ते मी दाखवल्याशिवाय एकालाही हात लावायचा नाही!"

आता ती दाखवणार कशी? सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. माझ्यात उशी टाकली, ताईला बसवलं आणि दांडे धरले शिंपीकाकांनी. दहा पावलं गेलो असू. काकांना एका चाकाचा तोल ठाऊक नव्हता. मी डावीकडे कलले आणि ताई उशीसकट गवताच्या ढिगात! सगळे जागच्या जागी थिजले. मला तर वाटलं, आता भंगारातच जाते मी. तेवढ्यात ढिगातून हसण्याचा आवाज आला. ताई पोट धरून हसत होती. मग काय, सगळं शेतच हसायला लागलं.

ताईला पुन्हा माझ्यात बसवलं आणि मग काम असं चाललं की बघत राहावं. बसवाल्या बाई सरीच्या तोंडाशी उभ्या राहून ओरडत होत्या, "पुढे सरका, पुढे जागा रिकामी आहे!" आणि काकांनी सगळ्यांना चकित केलं. जन्मभर धाग्याला धागा जुळवलेला माणूस, त्यांची नजर रंगावर पक्की. "हा लालभडक, आजच खा. हा शेंदरी, मंगळवारपर्यंत थांबेल. हा नुसता केशरी, शुक्रवारी."

ताई मान वळवून बघतच राहिली. "काका, हे मला अकरा वर्षांत जमलं नाही."

काकांनी मग टोमॅटोचे रंगावर ढीगच लावले. प्रत्येक घराच्या वाट्यात आजचे, मंगळवारचे आणि शुक्रवारचे टोमॅटो गेले. एकही वाया गेला नाही. अकराच्या आत बाराही सऱ्या मोकळ्या झाल्या.

शेवटचे वाटे चालले होते, तेव्हा मला माझ्या पोटातलं ओझं एकदम जड वाटलं. बघते तर ताई झोपली होती. भर दिवसा, माझ्यात, तोंडावर टोपी ओढून. तिला नुसतं बसलेलंही मी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी छत्री उघडून तिच्यावर धरली आणि ओठांवर बोट ठेवलं. मग साठ घरांची माणसं भरल्या पिशव्या सांभाळत, चवड्यांवर चालत, एकेक करून फाटकाबाहेर गेली. बसवाल्या बाईसुद्धा चक्क कुजबुजत बोलल्या!

ताईचा पाय आता बरा झालाय. तोडणीला सभासद दर शनिवारी स्वतःहून येतात. माझा रंग उडालाय, पण चाकाला नवा टायर बसलाय. काका मला झोकात ढकलतात आणि भाज्यांना नावं ठेवणं मात्र त्यांनी सोडलेलं नाही.

तुम्हीही या कधी. दांडे दोन्ही हातांनी धरा, वजन चाकावर राहू द्या. आणि काम झालं की मला पालथी घालून ठेवा, म्हणजे पोटात पाणी साचणार नाही. येते मी. घेवड्याची सरी वाट बघतेय.