फक्त स्ट्रेचरसाठी

माझ्या धाकटीला पहिला दात आला, त्याच वर्षी दाजींची नोकरी गेली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते सरकारी इस्पितळात लिफ्ट चालवायचे आणि मी तिथंच तळमजल्यावर झाडलोट करायचो.

इस्पितळ चार मजली, लिफ्ट एकच. दारावर पाटी होती, फक्त स्ट्रेचरसाठी. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण पाटीवर काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. दाजींना वाचता यायचं, तरी गुडघे धरून जिन्याशी थबकलेल्या कुणालाही ते हाक मारायचे, "या आत. भिंतीला टेकून उभं राहा." कुणाचा डबा धरायचे, कुणाला स्वतःचं स्टूल द्यायचे. चर्चमध्ये मात्र शेवटच्या बाकावर. प्रार्थना मोठ्यानं म्हणायला सांगितली की तोंडातून शब्द फुटायचा नाही.

वॉर्डातले लोक चिडवायचे, "काय फादर, आज किती जण स्वर्गात पोचवले?"

"माझी हद्द चौथ्या मजल्यापर्यंत," दाजी म्हणायचे. "पुढचं वरचे साहेब बघतात."

मे महिन्यात खालच्या साहेबांनी लेखी ताकीद दिली. आणखी एक तक्रार आली तर नोकरी जाणार, आणि तिच्याबरोबर इस्पितळानं दिलेली खोलीही. दाजींची छाती आधीच अधू.

ताई म्हणाली, "लोकांना जिना तरी आहे. आपल्याला दुसरं छप्पर आहे का?"

दाजींनी तीन आठवडे पाटी पाळली. त्या दिवसांत त्यांना जेवण जात नव्हतं, असं ताई सांगायची.

एकवीस जूनला दुपारी एक म्हातारी जिना हातापायांवर चढताना दिसली. चौथ्या मजल्यावर तिचा मुलगा शेवटच्या घटका मोजत होता. दाजींनी तिला हात धरून लिफ्टमध्ये घेतलं. लिफ्ट वर गेली आणि खाली स्ट्रेचर आलं. बांधकामावरून पडलेला गवंडी होता. ऑपरेशनची खोली तिसऱ्या मजल्यावर. वर म्हातारीला बाहेर पडायला वेळ लागला, आणि जाळीचं दार लागल्याशिवाय ती लिफ्ट हलत नसे. मी घंटीचं बटण दाबत राहिलो. चार मिनिटं गेली असतील. लिफ्ट खाली आली तेव्हा गवंड्याचा श्वास थांबला होता.

"लवकर नेला असता तर वाचलाच असता असं नाही," डॉक्टर म्हणाले. "वाचलाच नसता असंही नाही."

म्हातारीला मुलगा शुद्धीवर भेटला. तिनं त्याला दोन घोट पाणी पाजलं. संध्याकाळी तो गेला.

चौकशी लागली. लिफ्ट अडकली होती, असं मी सांगून मोकळा झालो होतो.

"तुम्हीही तेच म्हणा," मी दाजींना म्हणालो. "आठवड्यातून दोनदा अडकतेच की ती."

"त्या दिवशी नव्हती अडकली. आणि तसं म्हटलं तर दुरुस्तीवाल्याच्या गळ्यात पडेल."

"तो कोण लागतो तुमचा? नाव तरी ठाऊक आहे का?"

"नाही."

"आणि ताई?"

"तिला सांगितलंय. दोन दिवस बोलत नाहीये."

साहेबांपुढं त्यांनी घडलं तसं सांगितलं. माझा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "खाली ताटकळलेल्याला अडकली असंच वाटणार." माझी नोकरी राहिली. त्यांना आठ दिवसांत खोली सोडावी लागली. माझ्या खोलीत आम्ही सात जण. आमच्याकडं या, असं मी म्हणालो नाही. म्हणेन म्हणेन करत राहिलो, तोवर त्यांनी वखारीमागं पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. तिथं जमिनीतून ओल यायची.

मग ते गवंड्याच्या घरी गेले. मी बरोबर होतो. त्यांनी दारात उभ्यानंच सगळं सांगितलं. गवंड्याच्या बायकोनं ऐकून घेतलं.

"म्हातारीला चढता येत नव्हतं?"

"नव्हतं."

"माझ्या माणसाला येत होतं?"

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सार्वजनिक नळावरून दोन बादल्या भरून दाजी तिच्या दारात ठेवायला लागले. तिनं पाणी कधी ओतून दिलं नाही, आणि कधी बसा म्हटलं नाही.

थंडी पडल्यावर ताई म्हणाली, "आता पुरे झालं. छाती बघा जरा स्वतःची."

"दोनच तर बादल्या," दाजी म्हणाले.

गवंडी एकवीस जूनला वारला. म्हातारीचा मुलगा त्याच दिवशी. दाजी त्याच वर्षी नऊ डिसेंबरला न्यूमोनियानं वारले, वखारीमागच्या शेडमध्ये.