फुंकरीनं उघडणारं नाक

टायरच्या दुकानावरच्या हॉलकडे जाणारा जिना सकाळी आठलाच भरून गेला होता. प्रत्येक पायरीवर एक चोंदलेलं नाक उभं होतं. कुणी सूं सूं करत होतं, कुणी रुमालात तोंड खुपसून होतं, आणि वरून उतरणारा प्रत्येक जण छाती भरून श्वास घेत ओरडत होता, "उघडलं! उघडलं!"

त्या रांगेत बसचालक दादाही होते. घरी ते दादा. डेपोत मात्र 'इंजिन'. विश्रांतीच्या खोलीत पाच मिनिटं आडवे झाले, की बाहेरच्या बसला लाज वाटावी असा आवाज निघायचा. झोपेत त्यांचा श्वास सारखा अडतो आणि म्हणून दिवसा पेंग येते, असं तपासणीत निघालं होतं. डॉक्टरांनी झोपताना लावायचं हवेचं मशीन दिलं. पेंग पळाली; पण महिन्याभरात नाक असं चोंदू लागलं, की मशीनचा मास्क लावताच जीव घुसमटायचा. दादांच्या अक्षरशः नाकी नऊ आले.

हॉलमध्ये सुगंधी धूर कोंडला होता. तासभर त्यात बसलं, तर धडधाकट नाकही बंद पडावं. मग पांढऱ्या सोफ्यावर श्वासमहाराज प्रकटले.

"मशीनचा वारा मेलेला असतो, बाळांनो!" ते गरजले. "तो नाकात शिरतो आणि आतून कडी लावतो. आईच्या पोटात नऊ महिने होतात, तिथं मशीन होतं का?"

"नव्हतं!"

"मग श्वास कसा घेत होतात?"

याचं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

महाराजांनी एका छोट्या बाटलीवर फुंकर घातली आणि दादांच्या नाकात दोन-दोन थेंब टाकले. तीन मिनिटांत नाक मोकळं! दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. महाराजांकडून तशीच एक बाटली घेऊन ते घरी आले आणि त्यांनी मशीन कपाटात ढकललं.

"डॉक्टरांना विचारलंत का?" बायकोनं विचारलं.

"नाक माझं आहे ना?" दादा म्हणाले.

आठवडाभर थेंब सकाळ-संध्याकाळ पुरले. मग दर चार तासांनी लागू लागले. तिसऱ्या आठवड्यात बाटली शर्टाच्या खिशातून हलेना आणि नाक तर दगडी भिंतच झालं. मशीन बंद, त्यामुळे पेंगही परतली. एका दुपारी, भरल्या बसमध्ये, वळणावर दादांचे डोळे मिटले. मागून एक बाई किंचाळली. दादांनी ब्रेक दाबला तेव्हा पुढचं चाक फुटपाथवर चढलेलं होतं, आणि समोर हातभर अंतरावर एक माणूस बूट पॉलिश करत बसला होता. तो हातातला ब्रश तसाच धरून चाकाकडे बघत राहिला. कुणाला खरचटलंही नाही. पण डेपोनं दादांना गाडीवरून उतरवलं.

बातमी कळताच मोठी बहीण धावत आली. ताईनं तीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळला होता.

"घशात कडू उतरतं का रे हे?" तिनं बाटली हुंगत विचारलं.

"उतरतं. महाराज म्हणतात, कडूपणा म्हणजे पाप बाहेर पडतंय."

"पाप नाही, औषध आहे ते!" ताईनं बाटली उजेडात धरली. लेबल खरवडून काढलेलं होतं, पण बुडाशी बारीक अंक छापलेले होते. "हा बॅच नंबर, आणि ही संपायची तारीख. तुझ्या महाराजांची शक्ती पुढच्या मार्चपर्यंतच चालते बरं का! सर्दीचे थेंब आहेत हे, कुठल्याही दुकानात मिळतात. तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरले, की नाक आतून आणखी सुजतं. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज."

"पण ताई, फुंकर..."

"चल, फुंकरच तपासू."

दुसऱ्या दिवशी भरल्या सभेत ताई उभी राहिली. "महाराज, गुण थेंबात आहे की फुंकरीत?"

"थेंब निमित्तमात्र!" महाराज डोळे मिटून म्हणाले. "शक्ती फुंकरीत!"

"मग यावर फुंका. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी आहे, घरचं."

महाराजांचा चेहरा पडला, पण शब्द तोंडातून गेलेला होता. त्यांनी फुंकलं. पहिल्यांदाच आलेली तीन माणसं पुढे झाली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नाकं जिथल्या तिथं.

मग ताईनं पर्समधून दुकानातली सीलबंद बाटली काढली आणि सगळ्यांसमोर सील तोडलं. "हिला कुणीही फुंकलेलं नाही." त्याच तिघांना दोन-दोन थेंब. तिसऱ्या मिनिटाला एक जण ओरडला, "उघडलं!"

"मघाशी यांची श्रद्धा कमी पडली!" महाराज किंचाळले.

"आणि सीलबंद बाटलीवर कुणाची श्रद्धा होती?" ताईनं विचारलं. "अजून एक, आईच्या पोटात बाळ नाकानं श्वास घेतच नाही. प्राणवायू त्याला नाळेतून मिळतो."

आता टाळ्या वाजल्या नाहीत. आधी एक जण हसला, मग सगळा हॉल. महाराज मागच्या दारानं असे गेले, की त्यांना पळता भुई थोडी झाली.

दादा, त्यांची बायको आणि मशीन, तिघांना घेऊन ताई डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी थेंब सोडवले, मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला शिकवलं, काही आठवड्यांसाठी सूज उतरवणारा वेगळा फवारा दिला. मग मशीन बघून म्हणाले, "हवेला ओलावा देणारी पाण्याची टाकी कुठंय याची? कोरडी हवा रोज नाकात गेली तर नाक चोंदणारच."

दादांनी बायकोकडे पाहिलं. बायको जमिनीकडे बघू लागली. तिनं त्या टाकीत शिवणाची बटणं ठेवली होती.

टाकी धुतली, रोज ताजं पाणी भरलं, फिल्टर बदलला. महिन्याभरात नाक ताळ्यावर आलं, मशीन रोज लागू लागलं. डॉक्टरांची चिठ्ठी बघून डेपोनं दादांच्या हाती पुन्हा गाडी दिली.

मंडळी, मशीनचा त्रास झाला तर मशीन देणाऱ्यालाच गाठा; उपाय बहुतेक वेळा साधाच असतो. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: यातून बाबा वजा केला, तर गुण उरतो का? उरत असेल, तर बाबा कशाला हवा? आणि उरत नसेल, तर तो गुण नुसता भासच; कपाटातलं मशीन आधी बाहेर काढा. तुम्ही बस चालवत असाल, तर तिच्यात दुसऱ्यांची लेकरं बसलेली असतात.