दहा मिनिटं पुढं

मित्रांनो, मी छावणीतल्या एका घराच्या भिंतीवरचं जुनं, टोल्यांचं घड्याळ. माझं आयुष्य तीस वर्षांचं, आणि त्यातला एक दिवस सोडला तर ते सगळं मी दहा मिनिटं पुढं काढलं.

लक्ष्मणरावांनी मला गुलमंडीच्या बाजारातून आणलं. त्यांना चितेगावच्या कारखान्याची बस गाठायची असे, म्हणून त्यांनी मला दहा मिनिटं पुढं लावलं. दर रविवारी ते चावी देत, काच पुसत आणि लेकीला, चारुताला, बजावत, “टोल्यांच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवायचे नाय बाळा, यंत्र बिघडतं.” त्यांची बस कधी चुकली नाही. पाहुणे माझ्या टोल्यांचं कौतुक करत. घरातल्यांना मात्र माझी लबाडी ठाऊक होती. माझ्याकडं बघून जो तो मनात दहा मिनिटं वजा करी, आणि चारुता सगळ्यांच्या आधी.

शाळेत असताना तिनं कालयंत्राची गोष्ट वाचली.

“बाबा, मागं जाऊन आपलीच चूक दुरुस्त केली तर?”

“मग चूकच नाय उरली. तू मागं निघालीस कशाला मग?”

“म्हणजे व्हायचं ते ठरलेलंच?”

“बसची वेळ ठरलेली असते गं. घरातून कधी निघायचं, ते कुणी ठरवलंय?”

पुढं नोकरी संपली, बसही संपली. यंदा लक्ष्मणरावांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं. आदल्या संध्याकाळी चारुता घरी आली. “आता कुणाला बस गाठायचीय?” असं मलाच म्हणाली, माझा लंबक दहा मिनिटं धरून ठेवला आणि मला जगाच्या बरोबरीला आणलं.

सकाळी बाबांचा फोन आला. “साडेनऊला आत नेणारेत. त्याआधी ये. चष्मा कुणाकडं देऊ?”

दवाखाना पंधरा मिनिटांवर. नऊ वाजून दहा मिनिटांनी तिनं माझ्याकडं पाहिलं आणि सवयीनं दहा वजा केली. “नऊच तर झालेत,” असं पुटपुटत ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. मला ओरडून सांगायचं होतं. पण माझा पुढचा टोला साडेनऊचा होता.

संध्याकाळी ती चष्मा घेऊन परतली. बाबा परतले नाहीत.

“सिस्टरनं दिला हा,” ती शेजारच्या अंबिकाकाकूंना म्हणाली. “मी पोचले तेव्हा नुकतंच आत नेलं होतं.”

“त्यांचं लिहिलेलंच होतं, पोरी.”

“असेल, काकू. माझं उशिरा निघणं कुणी लिहिलं नव्हतं.”

काकू गेल्यावर तिनं काच उघडली आणि माझ्या मिनिटकाट्यावर बोट ठेवलं. मित्रांनो, यंत्र बिघडलं तरी बिघडो, तिनं मला सकाळच्या नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत मागं न्यावं, असं मला फार वाटलं. पण ती तेव्हाच निघाली असती, तर ही संध्याकाळ आली नसती, काट्यावर हे बोट नसतं, आणि मला मागं न्यायला कुणी उभंच राहिलं नसतं. तिलाही हे कळत असावं. बोट बराच वेळ तिथंच राहिलं. मग तिनं काटा दहा मिनिटं पुढं सरकवला.

आता दर रविवारी चावी तीच देते. वजाबाकी करत नाही. जाईल तिथं आधी पोचते आणि पर्समधला तो चष्मा हातात धरून बसून राहते.

मित्रांनो, आम्हांला वेळेवर चावी द्या, आमची धूळ पुसा. आणि तुमच्यासाठी कुणी दहा मिनिटं पुढं लावून ठेवली असतील, तर ती वजा करू नका.